पुढच्या भोयाची हाक

फार पूर्वी डोंगरात गाडीरस्ते नव्हते. माणूस आजारी पडला की तो वैद्याकडे जायचा नाही, वैद्यच त्याच्या दारात यायचा. तुम्ही म्हणाल, मग बरंच होतं की. बरं होतं खरं, पण वैद्याला दारात आणणाराच आजारी पडला तर काय, हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं. ही गोष्ट त्याचीच आहे.

एका गावात चिमामावशी नावाची सुईण होती. बाळंतपणं करायची, नाडी बघायची, झाडपाल्याची औषधं द्यायची. तिच्या हातात गेलं की रडणारं पोर गप्प व्हायचं, आणि तिची जीभ सुटली की मोठी माणसं गप्प व्हायची. सगळ्या डोंगरपट्टीची ती मावशी. पण वय झालं आणि तिचे गुडघे गेले. आता सुईणीचे गुडघे गेले म्हणून बाळं यायची थांबतात का? मग गावानं तिच्यासाठी डोली केली. एक लांब सागवानी दांडा, त्याला टांगलेली झोळी, आणि ऊन लागू नये म्हणून वर कापड. दांडा उचलायला पुढे एक भोई आणि मागे एक भोई.

पुढे असायचा गेनू आणि मागे भिवा. भिवा म्हणजे गेनूचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, म्हणजे सगुणाचा, धाकटा भाऊ. गेनूला तो दाजी म्हणायचा आणि दिवसभर त्याची थट्टा करायचा. मेहुण्याचा तो हक्कच असतो, त्याला कोण काय बोलणार.

डोली वाहायची एक रीत असते, ती आधी समजून घ्या. मागच्या भोयाला वाट दिसत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर डोलीचं कापड असतं, बस्स. त्यामुळे पुढचा जे जे बघतो ते हाक देऊन सांगतो. "दगड डावा." "फांदी खाली." "पायरी उतार." आणि मागचा "हो" म्हणून पाऊल टाकतो. पुढचा गप्प असला की वाट सपाट आहे असं मागच्यानं समजायचं. म्हणजे पुढच्याचं गप्प राहणं हेसुद्धा सांगणंच असतं. भिवा वर्षानुवर्षं आंधळ्यासारखा त्या डोंगरातून चालत होता, आणि एकदाही ठेचकाळला नव्हता. गेनूची हाकच तशी होती.

या गेनूचं गावाला फार कौतुक. पाऊस असो, थंडी असो, त्याचा खांदा कधी चुकला नाही. दर चैत्रात जत्रेला ज्या भोयाचा एकही दिवस चुकला नाही त्याला गाव तांबडा फेटा बांधायचं, आणि तो फेटा दरवर्षी गेनूच्याच डोक्यावर बसायचा. आया आपल्या किरकिऱ्या पोरांना सांगायच्या, "गेनूकाकाला बघ. त्याला कधी ताप येत नाही. तापालाच त्याची भीती वाटते." लोक प्रेमानंच म्हणायचे. पण प्रेमानं घातलेली बेडीसुद्धा बेडीच असते. ज्याला कधी ताप येत नाही असं गावानं ठरवून टाकलंय, त्याला ताप आला तर त्यानं सांगायचं कुणाला?

आणि खरं सांगायचं तर फेटा हे वरवरचं कारण होतं. आतलं कारण गेनूनं सगुणालाही सांगितलं नव्हतं.

गेनूच्या आधी या दांड्याखाली म्हादूकाका होता. एका हिवाळ्यात म्हादूकाका खोकल्यानं आडवा झाला आणि काही दिवसांपुरता म्हणून जवान गेनूला बोलावलं. गेनूचं पाऊल चांगलं, आवाज खणखणीत, मावशीला आवडला. म्हादूकाका बरा होऊन आला तोवर डोली गेनूची झालेली होती. कुणी त्याला जा म्हटलं नाही, कुणी ये पण म्हटलं नाही. तेव्हापासून म्हातारा रोज सकाळी गावाच्या पारावर बसायचा आणि डोली जाताना बघायचा. गेनू त्याच्यासमोरून जाताना मान खाली घालायचा. एक दिवस घरी बसलं की माणूस कायमचा पारावर बसतो, हे गेनूला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याला जागा मिळाली होती तीच मुळी तशी.

तर झालं असं. एका सकाळी गेनू उठला तो अंग फणफणत होतं. घसा असा धरलेला की थुंकी गिळवेना. तेवढ्यात डोंगरापलीकडच्या गावातून एक माणूस धापा टाकत आला. त्याची बायको पहिलटकरीण होती, पहाटेपासून तिला कळा सुरू झाल्या होत्या आणि मूल आडवं होतं. मावशीला लवकर घेऊन या, एवढं सांगून तो आल्या पावली परत पळाला.

सगुणानं नवऱ्याच्या कपाळाला हात लावला.

"अहो, तुम्हाला ताप आहे."

"चुलीपाशी बसलो होतो ना, म्हणून कपाळ तापलंय."

"चूल अजून पेटवलीच नाही मी."

गेनूनं मुंडासं गुंडाळलं आणि हळू आवाजात म्हणाला, "तिकडं एक पोर अडलीय. आज नाही गेलो तर लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू दे. तुम्ही भिवाला तरी सांगा."

"सांगतो," गेनू म्हणाला. आणि नाही सांगितलं.

डोली उचलली. पारावरून जाताना म्हादूकाका दिसला, तसं गेनूनं पाऊल आणखीच जोरात टाकलं. पण चढ लागला आणि घसा बंद पडत चालला. पहिला दगड आला तेव्हा त्यानं कशीबशी हाक दिली. दुसऱ्याला नुसती हवा आली. मग त्यानं बोटांच्या पेरांनी दांड्यावर टकटक केलं. भिवाला वाटलं, हे काय नवीन? पण चालला बिचारा. टकटक झाली की पाय चाचपून टाकायचा, हे त्याला आपोआप कळलं. मावशीला झोळीत डुलकी लागली होती, म्हाताऱ्या माणसाची डुलकी ती.

खिंड ओलांडली आणि ओढ्याकडचा उतार सुरू झाला. तिथं दगडी पायऱ्या होत्या आणि त्यातली एक तुटलेली. गेनूनं ती पायरी पाहिली. तापानं त्याचे डोळे जड झाले होते, कान भणभणत होते. त्यानं मनात म्हटलं, पायरी तुटकी. आणि त्याला वाटलं, आपण हाक दिली. पुढे कितीतरी दिवस तो शपथेवर सांगायचा की मी हाक दिली होती. त्याच्या डोक्यात ती हाक अगदी स्पष्ट ऐकू आली होती. फक्त तोंडातून आवाज निघाला नव्हता आणि बोटंही हलली नव्हती.

भिवाला काहीच ऐकू आलं नाही. काही ऐकू आलं नाही म्हणजे वाट सपाट. त्यानं निर्धास्त पाऊल टाकलं, ते पायरीच्या तुटक्या जागी गेलं आणि घोट्यातून वळलं. भिवा बसला, दांडा सुटला, आणि मावशी झोळीसकट करवंदीच्या जाळीत जाऊन पडली.

मावशीला सुदैवानं ओरखड्यांपलीकडे काही झालं नाही. जाळीतून बाहेर येत ती दोघांवर तोंडसुख घेणार, तोच तिला भिवाचा घोटा दिसला. डोळ्यांदेखत सुजत होता. आणि गेनू त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसून नुसते ओठ हलवत होता.

"बोल की रे. दातखीळ बसली का?" मावशी म्हणाली. मग तिनं त्याचं मनगट धरलं आणि तिचा आवाज एकदम उतरला. "अरे देवा. केव्हापासून आहे हे?"

गेनूनं मान खाली घातली.

मावशी तिथंच दगडावर बसली. तिचे डोळे भरून आले. "सगळ्या डोंगराच्या नाड्या बघत फिरते मी. आणि माझा भार वाहणाऱ्याचं मनगट कधी हातात घेतलं नाही. रोज याच्या खांद्यावर बसून जाते, आणि कधी विचारलं नाही की बाबा, कसा आहेस." मग ती गेनूकडे वळली, "आणि तूही शहाणाच. हा ताप घेऊन तू बाळंतिणीच्या दारात उभा राहणार होतास? जन्मल्या जन्मल्या त्या जिवाला हाच आहेर द्यायचा होता का?"

हे मात्र गेनूच्या मनात आलंच नव्हतं. तो ओक्साबोक्शी रडायला लागला, आणि घसा बसलेला असल्यामुळे त्याच्या रडण्यालाही आवाज नव्हता.

आता पुढे कसं जायचं? एका भोयाचा पाय गेलेला, दुसऱ्याचा आवाज. पलीकडे ती पोर अडलेली. मावशी उठली आणि दोन पावलं टाकून परत बसली, गुडघे तयारच नव्हते. तेवढ्यात वरच्या अंगानं दोघी जावा गवताचे भारे घेऊन येताना दिसल्या. मोठीचं नाव ठमाबाई. मावशीनं हाक मारून त्यांना सगळं सांगितलं.

ठमाबाईनं डोलीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं आणि धाकट्या जावेला म्हणाली, "आपल्या भाऱ्यापेक्षा काही जड नाही दिसत."

"तोंड सांभाळून बोल," मावशी म्हणाली. पण बसली निमूटपणे झोळीत.

भारे तिथंच टाकून दोघींनी दांडा उचलला. ठमाबाईला भोयांच्या हाका माहीत नव्हत्या. ती आपली जात्यावरच्या ओवीच्या चालीत जे दिसेल ते सांगत निघाली, दगड आला गं बाई, ओढा आला गं बाई. मागून धाकटी म्हणे, आला तर येऊ दे. वळणापर्यंत त्यांचा आवाज येत राहिला आणि मग डोली दिसेनाशी झाली.

गेनू त्या वळणाकडे बघत राहिला. इतकी वर्षं ज्याची भीती होती ते आज डोळ्यांसमोर झालं होतं. डोली त्याच्यावाचून गेली होती. नुसती गेली नाही, गाणं म्हणत गेली.

दोघं भोई पायरीवर बसून राहिले. एकाचा पाय ओढ्याच्या पाण्यात, दुसऱ्याच्या डोक्यावर ओलं मुंडासं. भिवा म्हणाला, "दाजी, एक सांगू? मला वाटलं तुम्ही रागावलाय."

गेनूनं मान वर केली.

"काल मी तुमच्या ताटातला लाडू उचलला ना. सकाळपासून तुमचा आवाज नाही. मला वाटलं, त्याचाच राग. म्हणून मीही विचारलं नाही. मला मागून काय दिसतं दाजी? वाट दिसत नाही, तुमचं तोंड दिसत नाही. मी आपला तुमच्या आवाजावर चालतो. तो गेला तर मी कशावर पाय टाकू?"

गेनू घोगऱ्या आवाजात, तुटक तुटक बोलला. म्हादूकाकाचं, पाराचं, सगळं सांगितलं. "मला वाटलं, एक दिवस बसलो की संपलो."

भिवानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग मला सांगायचं. मी काय दुसरा पुढचा आणायला टपलो होतो? आणि त्या लाडवाचं म्हणाल तर ताईनं तो माझ्यासाठीच केला होता."

त्या दुखण्यातही गेनूला हसू आलं, आणि हसता हसता खोकला आला.

दुपार कलली तशी डोली परत आली. ठमाबाई लांबूनच ओरडली, "मुलगी झाली. आई आणि लेक दोघी सुखरूप." मग गावातून माणसं आली आणि दोघा भोयांना धरून घरी नेलं.

गेनू घरात आडवा झाला. सगुणा काढे करून द्यायची, मऊ भात भरवायची आणि अधूनमधून म्हणायची, "चूल तापलीय हो, कपाळ लावून बघा." पण गेनूचं लक्ष दाराबाहेर. रोज सकाळी डोली जायची. ठमाबाई पुढे, तिची जाऊ मागे. तो आवाज ऐकला की तो भिंतीकडे तोंड करायचा.

एका दिवशी काठी टेकत म्हादूकाका आला. गेनूला वाटलं, आता म्हातारा म्हणणार, बघ, कसं वाटतं. तो उठून बसायला लागला. म्हातारा म्हणाला, "पडून राहा. बरं वाटतं का, एवढंच विचारायला आलोय."

"काका, तुमची जागा मी..."

"जागा तुझी होती की, चांगला चालायचास तू. त्याचा राग नव्हता मला." म्हादूकाकानं काठी बाजूला टेकवली. "पण मी आजारी होतो तेव्हा वाटायचं, कुणीतरी येईल आणि विचारील, काका, बरं वाटतं का? कधी परत येता? कुणी आलं नाही बघ. दुखणं परवडलं रे, पण कुणी विचारलं नाही, ते बरं होत नाही."

गेनूनं म्हाताऱ्याचे पाय धरले. इतक्या वर्षांत तो त्या पारासमोरून मान खाली घालून गेला होता, एकदा मान वर करून विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? म्हादूकाकानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आता रडू नकोस, पुन्हा घसा बसेल."

यथावकाश गेनूचा ताप उतरला, घसा मोकळा झाला. भिवाचा घोटाही बरा झाला. पण दांड्याकडे जायचं धाडस गेनूला होईना. आपल्याला आता कोण विचारतंय, असं मनात. एका सकाळी तो जाऊन पारावर म्हादूकाकाच्या शेजारी बसला.

डोली आली. म्हादूकाकानं गेनूला कोपरानं ढोसलं. डोली पारासमोर थांबली आणि ठमाबाईनं दांडा खाली ठेवला.

"गेनूभाऊ, बरं वाटतं का?"

"वाटतं."

"मग या की. या दांड्याला तुमच्या खांद्याचा खळगा पडलाय. माझा खांदा त्यात बसतच नाही, रोज सोलून निघतोय. तुम्ही कधी उठता याची वाट बघत होते मी."

गेनूनं दांड्यावरून हात फिरवला. खरंच, वर्षानुवर्षं खांदा लागून तिथं लाकूड गुळगुळीत होऊन खोलगट झालं होतं. त्यानं हे कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्याचा खांदाच नेहमी त्यावर असायचा. आतून मावशी म्हणाली, "दांडा कुरवाळत बसणार आहेस की उचलणार आहेस?"

त्याच्या पुढच्या चैत्रात जत्रा भरली. तांबडा फेटा कुणाला बांधायचा, म्हणून गाव विचारात पडलं. मावशीनं फेटा मागून घेतला आणि दांड्यावर, जिथं खांदा टेकतो तिथं, पुढे आणि मागे गुंडाळून टाकला. "आजवर तुम्ही हा डोक्याला बांधलात आणि माणसाला ताप लपवायला लावलात," ती म्हणाली. "आता ज्याचा खांदा येईल त्याला तो मऊ लागू दे. आणि दांडा उचलायच्या आधी दोघांनी आपापल्या अंगाची हाक द्यायची. एखादा आज नाही म्हणाला तर ठमाबाई आहे, तिची जाऊ आहे. आणि जो घरी राहील त्याच्याकडे संध्याकाळी कुणीतरी जायचं, बरं वाटतं का ते विचारायला." गावानं मान डोलावली. मावशीपुढे नाही म्हणायची कुणाची टाप होती?

असेच दिवस गेले. एका थंडीतल्या सकाळी गेनूनं दांड्याला हात घातला आणि नेहमीसारखी हाक दिली, "पुढचा बरा आहे."

मागून काही आवाज आला नाही. पूर्वीचा गेनू असता तर त्यानं दांडा उचलला असता. हा गेनू थांबला.

भिवा तिकडे घुटमळत होता. त्या दिवशी दूर जायचं होतं, लोक वाट बघत होते, आणि खरं सांगायला त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शेवटी तो म्हणाला, "दाजी, अंगात कणकण आहे."

दांडा जिथल्या तिथं राहिला. वाटेत दगड आहे असं कुणी सांगावं तितक्याच सहज गेनू म्हणाला, "हो."

मग तो मागे गेला, स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी काढून त्यानं मेहुण्याच्या अंगावर घातली आणि ठमाबाईच्या घराकडे तोंड करून हाक मारली. भिवा घरी गेला. संध्याकाळी गेनू त्याच्या दारात उभा होता. हातात लाडू होता.

तात्पर्य म्हणून मुलांनो एवढंच गाठीला बांधा, आणि मोठ्यांनीही बांधलंत तर बिघडणार नाही: वाटेतला खड्डा जसा मोकळेपणानं सांगतो, तसा अंगातला तापही सांगावा, कारण मागचा माणूस आपल्या शब्दावर पाय टाकत असतो. आणि जो ऐकतो त्यानं आधी "हो" म्हणावं, मग संध्याकाळी त्याच्या दारात जावं.